डाग हळदीचा नव्हता

कुरुंद्यात हळदीच्या डागाला कुणी डाग म्हणत नाही. हळद शिजवायच्या दिवसांत गावातल्या बायकांचे तळवे, टाचा, पदर, गोधड्या, सगळंच पिवळं होतं. पद्माबाईला तर हा डाग आतून-बाहेरून माहीत. तीस वर्षं तिनं घरची हळद शिजवली, वाळवली आणि त्या हंगामाचे कपडेही तिनंच धुतले. साबण लागला की हळद लाल होते आणि चार उन्हं खाल्ली की उडून जाते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातांनाच कळलं होतं.

म्हणूनच दोन हजार सालच्या हंगामात सुनेच्या, संगिताच्या परकरावरचा नारिंगी डाग तिला खुपला. साबणानं तो लाल झाला नाही. परकर आठवडाभर उन्हात टाकला, तरी डाग उडाला नाही.

"हळदीचाच हाय आत्याबाई," खाली बघत संगिता म्हणाली.

"मला हळद शिकवून राहिली का तू?"

एकुलत्या सोमेश्वरच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. सून कामाला वाघ, पण अंगानं काडी. दर महिन्याला शिरड शहापूरहून तिचा भाऊ यायचा, उभ्या उभ्या पाणी प्यायचा, बहिणीच्या हातात एक पुडकं द्यायचा आणि जायचा. लाडू-चिवडा असता तर ते पुडकं चुलीपुढं उघडलं असतं. ते कधी उघडलं नाही.

पद्माबाईनं ते शोधलं. ज्वारीच्या कणगीत, पार तळाशी, फडक्यात बांधलेलं. आत गडद लाल कॅप्सुला आणि जाड पांढऱ्या गोळ्या. पद्माबाईला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी त्यावर नाव नव्हतं. पण लेकरू होऊ नये म्हणून बाया गोळ्या खातात, एवढं तिनं ऐकलं होतं. लाल गोळी, नारिंगी डाग आणि रिकामा पाळणा; तिनं तिन्हीची गाठ मारली.

त्या दिवशी शेतात हळद शिजवायची कढई चढली होती. पद्माबाईनं भट्टीपाशीच सुनेला बोलावलं.

"ह्या कशाच्या? लेकरू होऊ नये म्हणून खातीस, व्हय ना?"

संगिता गोळ्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय."

पद्माबाईला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, शपथ घेईल. इतक्या सरळ 'व्हय'नं तिचा संताप आणखीच चढला. तिनं फडकं तसंच भट्टीत लोटलं. पाल्याबरोबर ते भर्रकन जळालं.

पुढच्या महिन्यात भाऊ आला तेव्हा पद्माबाईनं त्याला ओसरीवरच गाठलं. "बहिणीचं घर बुडवायला येतोस? फिरून पुडकं घेऊन येऊ नको." तो बहिणीकडं बघत राहिला. संगितानं मान हलवली आणि तो गेला.

गोळ्या सुटल्या तशी सून भरली. जेवायला लागली, गालावर रंग आला, तीन महिन्यांत दिवस गेले. नळावर पद्माबाई शेजारच्या नीलाबाईला सांगायची, "म्या भट्टीत घातल्या म्हणून नात दिसून राहिली." नातीचं नाव राजनंदिनी ठेवलं. नंदी सहा महिन्यांची झाली आणि संगिताला खोकला लागला. एक दिवस भांडी घासताना राखेत रक्त पडलं.

वसमतच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला. "टीबी आहे. आधी कधी औषध घेतलं होतं? लघवी नारिंगी करणाऱ्या लाल कॅप्सुला?"

"तीन महिने. नांदेडहून," संगिता म्हणाली.

"आणि मग सोडलं? का?"

त्या खोलीत पद्माबाईला तो 'व्हय' कळला. तिची जीभ तिच्याआधी चालली. "बरं वाटलं म्हणून तिनंच सोडलं, साहेब."

संगितानं सासूकडं एकदा बघितलं. मांडीवरचं लेकरू तिच्याकडं दिलं.

डॉक्टर संगितावरच उखडले. "बरं वाटतं म्हणजे जंतू मेले का? शरीरातल्या पेशी त्यांना गिळतात, आत घेऊन विष सोडतात. पण हा जंतू लबाड. स्वतःच बारीकसं द्रव्य बनवून जवळ बाळगतो. विष आलं की आधी ते द्रव्य त्याला भिडतं, विष फुकट जातं आणि जंतू शाबूत. असे जगलेले गप्प दडून बसतात. म्हणून सलग औषध घ्यायचं असतं, सगळे मरेपर्यंत. तुम्ही त्यांना मोकळं रान दिलंत, बाई."



परतीच्या जीपमध्ये पद्माबाई हळू आवाजात म्हणाली, "खरं काहून न्हाई सांगितलं तवा?"

"सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतं का?"

आठ दिवसांत ह्याचं उत्तर मिळालं. संगिताला शिरड शहापूरला धाडलं. लेकरू ठेवून घेतलं. 'लेकराला लागंल' हे कारण खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. नव्या गोळ्या, सुया झाल्या. औषध लागू पडलं नाही. वर्षाच्या आत ती गेली. गावात पद्माबाईनं कावीळ सांगितली. सोमेश्वरचं दुसरं लग्न करायचं होतं.

दोन हजार आठ साली नंदीच्या मानेला गाठ आली. संध्याकाळी ताप यायचा. पद्माबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी कार्ड पुढं ओढलं.

"गाठ टीबीची आहे. घरात कुणाला टीबी होता का, आजी?"

मागं रांग होती. रांगेत नीलाबाई होती.

"न्हाई."

"नीट आठवा. कुणी अर्धवट औषध घेतलं असेल आणि त्या माणसाकडून हिला लागलं असेल, तर ह्या नेहमीच्या गोळ्या हिला पुरायच्या नाहीत. वेगळी तपासणी करावी लागेल. मला आत्ताच कळायला हवं."

नंदी टेबलाच्या कडेला बोटानं रेघा ओढत होती. माय काविळीनं गेली हेच तिलाही सांगितलेलं.

"हिच्या मायला व्हता," पद्माबाई म्हणाली.

"औषध पुरं केलं होतं त्यांनी?"

"म्या करू दिलं न्हाई. गोळ्या जाळल्या म्या."

मागची कुजबूज थांबली. नंदीचं बोटही थांबलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही, लिहितच विचारलं, "कोणत्या गोळ्या होत्या? कागद आहे?"

"तिच्या भावाकडं असल."

"आजच आणा."

ज्या भावाला ओसरीवरून हाकललं, त्याच्या दारात पद्माबाई संगिताच्या मौतीलाही गेली नव्हती. तिनं नंदीचा हात धरला. नंदीनं तो सोडवून घेतला. मग पद्माबाई पुढं आणि चार पावलं मागं ती पोरगी, अशा दोघी शिरड शहापूरच्या जीपकडं निघाल्या.