दोन बोटं जादा कापड

दगाभाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच शर्ट आवळत होतो. आजारात माणूस एवढा वाळला की तिसऱ्यांदा शिवण आत घ्यावी लागली होती. "मास्तर, आते ऱ्हाऊ द्या तो शर्ट..." एवढंच त्या बोलल्या. मी "हो, हो" म्हणालो आणि मशीन चालवतच राहिलो. भानावर आलो तेव्हा खिसा बाहीला शिवून ठेवलेला. आणि म्हणे शहाद्यातला जुना शिंपी!

दगाभाऊ शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. ते करता करता दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. नऊ वर्षांत लाकडी सांगाडा झाला, इंजिन बसलं, आणि पंखांना कापडाची खोळ शिवायला मला बोलावणं आलं. मी विमान जन्मात फक्त खालून पाहिलेलं, तरी ऐटीत म्हणालो, "त्यात काय, उशीचा अभ्राच तो!" आणि डाव्या पंखाच्या खोळीत, पोरांच्या गणवेशात सोडतो तसं, शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडून दिलं. दगाभाऊंनी ते चाचपलं... "मास्तर, इमान काय शाळाना पोऱ्या शे का? पुढला साल अंगात भरी म्हनीसन ठेवं का हाई?" वजन वाढतं म्हणून अख्खी खोळ उसवायला लावली. वर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भेटेल त्याला हा किस्सा सांगत सुटले, मी शेजारी उभा असताना!

मग ते आजारी पडले आणि उजवा पंख उघडाच राहिला. शेवटच्या भेटीत खाटेवरून माझा हात धरून म्हणाले, "उडनं नही तरी चाली. पन अर्धं नको ठेवजो." मी म्हणालो, "तुम्ही बरे व्हा, मंग दोन्ही जन मियीसन करूत, जोडीनंच." ते नुसते हसले. खोटं बोलताना मी कान खाजवतो, हे त्यांना ठाऊक होतं...

तेराव्यानंतर वहिनींनी शेडची किल्ली दिली. रोज दुपारी दुकान बंद करून मी उजव्या पंखाची खोळ शिवत राहिलो. शेवटी ती चढवली, कडेवरून हात फिरवला, तर शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड! तीच चूक. मी तसाच उभा राहिलो, मागून शिव्या यायची वाट बघत... उन्हाने पत्रे तेवढे तडतडत होते. मग माझी मीच खोळ उसवली, पुन्हा शिवली, चढवली. कापड आक्रसून घट्ट बसावं म्हणून इस्त्री फिरवताना एक भोक पाडलं, त्याला ठिगळ लावलं. काल विमान पुरं झालं.

घरी येऊन दगाभाऊंचा तो अर्धवट शर्ट बाहेर काढला. खिसा सोडवला, आवळलेल्या तिन्ही शिवणी उसवल्या. आतलं कापड सगळं शाबूत होतं. शर्ट पुन्हा त्यांच्या जुन्या मापाचा झाला. आज सकाळी तो विमानातल्या सीटच्या पाठीला चढवला. सीटही त्यांनी स्वतःच्याच मापाने केलेली. खांदे नीट बसले. वरचं बटण मात्र मी लावलं नाही... ते कधीच लावत नसत.