चढावरच्या गल्लीचं पाणी

पाण्याच्या ऑफिसात नोकरी केली की हळदीकुंकवालाही सुखाने जाता येत नाही. हातात वाण पडायच्या आधी प्रश्न पडतो, "अक्का, उद्या पाणी सोडणार ना?" मग मी एक किस्सा सांगते, जमलेल्या बायका दोन सांगतात. असे किस्से जमवावे लागत नाहीत, अंगावर येऊन पडतात! मी मूळची निपाणीकडची, लग्न होऊन बेंगळुरात आले आणि मॅट्रिकच्या जोरावर राजाजीनगरच्या आमच्या ऑफिसात बिलाच्या काउंटरवर बसले. नव्वदच्या दशकात पाण्याचे दर वाढले, तेव्हाच्या या गोष्टी.

* * *

दरवाढीच्या पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या. पिशवीतून बाटली काढून त्यांनी काउंटरवर आपटली. आत तांबूस, गढूळ पाणी.

"कॉफी नाही ही! तुमचं पाणी आहे! याचे जास्त पैसे?"

माझ्या शेजारी आमचे कॅशियर नंजप्पा. त्यांनी बाटली उजेडात धरली, स्वल्प हलवली आणि गंभीरपणे म्हणाले, "अम्मा, तुम्ही नशीबवान! आमच्याकडे याहून दाट येतं."

आजींनी हसत हसत बिल भरलं. बाटली मात्र आम्हालाच ठेवून गेल्या.

* * *

घरीही सुटका नव्हती. आमचे 'हे' बिल हातात घेऊन म्हणाले, "तू तिथे काम करतेस. स्टाफला काही सूट नाही?"

"आहे की," मी म्हटलं. "बाकीच्यांना शिव्या द्यायला रांगेत उभं राहावं लागतं. तुम्ही बसल्या जागी द्या!"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रांगेत उभे राहिले आणि माझ्याच काउंटरवर बिल भरलं. पावती देताना मला उगीचच फार बरं वाटलं.

* * *

खरी लढाई चढावरच्या गल्लीशी होती. ऑफिसमागच्या टेकाडावरची ती शेवटची गल्ली. जुन्या पाइपातून तिथवर पाणी चढायचंच नाही. घरोघरी नळ होते, पण वर्षानुवर्षं कोरडे; त्यांना कोणी हातही लावत नसे. बायका खाली उतरून घागरी भरायच्या आणि चढ चढून जायच्या. आमच्या इंजिनिअर शारदा मॅडम, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी गल्लीतल्या लोकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "वाढीव दरातून नवी लाइन टाकतोय. पाणी वर येईल."

गल्लीतले रिटायर्ड हेडमास्तर उठले. "बाई, आधी फी घ्यायची आणि शिकवायचं पुढच्या वर्षी? आमच्या शाळेत हे चाललं नसतं!"

सगळा हॉल हसला. मॅडम लाल झाल्या. "युगादीच्या आत तुमच्या घरात पाणी आलं नाही, तर मी बदली मागून घेईन."

"बदली कशाला? सुटाल की! इथेच राहा आणि आमच्या बायकांबरोबर घागरी वाहा."

"सरी, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "वाहीन."

मला धडकी भरली. हेडमास्तर विसरणाऱ्यातले नव्हते आणि मॅडम शब्द फिरवणाऱ्यातल्या नव्हत्या!

* * *

रस्ता खणला, जुना पाइप निघाला. आत गंज इतका साचलेला की जेमतेम अंगठा शिरावा. मॅडमनी त्याचा एक तुकडा कापून माझ्या काउंटरवर ठेवला. पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर कंपनीतला एक मुलगा रांगेत कुरकुरत होता, "पुण्यात असं नसतं!"

मी मराठीत म्हटलं, "मग येताना दोन बादल्या आणायच्यास!"

तो चपापला, मग खळखळून हसला. पाइपाचा तुकडा डोळ्याला लावून म्हणाला, "काकू, यातून तुम्ही दिसतच नाही हो!"

"आणि आम्ही यातून तुम्हाला पाणी पाजत होतो," मी म्हटलं. त्याने मुकाट्याने पाकीट काढलं.

* * *

युगादी, म्हणजे आपला पाडवा, आठवड्यावर आली. नवी लाइन जोडून झाली आणि एका दुपारी वरचा व्हॉल्व्ह उघडला. मॅडमनी डबा उघडला नव्हता. मी दोनदा म्हटलं, "दोन घास खा." मान हलवायच्या आणि परत खिडकीतून चढाकडे बघायच्या.

तासाभराने त्या चढावरून हेडमास्तर धावत येताना दिसले. पायात चप्पल नाही, धोतर गुडघ्यापर्यंत चिंब.

"आलं वादळ," नंजप्पा पुटपुटले.

हेडमास्तरांनी काउंटरवर थाप मारली. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, पाणी... आलं का?"

"आलं का म्हणे! स्वयंपाकघरात आलं, देवघरात आलं, आता माझ्या पलंगाखाली आलंय! गल्लीत एकाही घरात कोरडी जमीन नाही!"

"अहो, मग नळ बंद करा ना!"

हेडमास्तर दम खात उभे राहिले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"बाई, तो कुठल्या बाजूला फिरवायचा असतो?"