डाव्या बाजूची खंजिरी

नवा हेडफोन हातात आला की धर्मेंद्र आधी कान पुसायचा. स्वतःचे. मग कानावरच्या गादीत अंगठा रुतवून ती किती सावकाश वर येते ते पाहायचा. माझा चष्मा मागून घ्यायचा आणि त्यावरून हेडफोन चढवायचा, काडी कुठे टोचते ते कळावं म्हणून. हेडफोन घालून फुटाणे खायचा. जबडा हलला की गादी कानापासून सुटते का, हे त्याला बघायचं असे. हेडफोनसकट पायरीवरून उडी मारायचा. आणि हेडफोन कधीही उलटा घालायचा नाही.

यातली शेवटची सवय चुकीची होती. हेडफोन पारखणारे लोक मुद्दाम तो उलटा घालून पाहतात. एका बाजूचा आवाज कमी वाटला, तर दोष यंत्राचा की कानाचा, ते त्यातून कळतं. धर्मेंद्रला हे माहीत होतं.

पण त्याची सगळी पारख एका रेकॉर्डिंगवर चालायची. त्याचे वडील, देवमनकाका, अकोल्यातल्या भीमगीतांच्या मंडळात खंजिरी वाजवत. एका जयंतीला त्याने दोन माइक लावून त्यांचा कार्यक्रम टिपला. मधे पेटी आणि गायक, उजवीकडे ढोलकी, अगदी डाव्या टोकाला काका. पुढच्या हिवाळ्यात काका गेले. महागडा हेडफोन खरंच चांगला असेल, तर खंजिरीची प्रत्येक चकती सुटी ऐकू येते, असं धर्मेंद्र म्हणायचा. नाहीतर नुसती फसफस.

"उलटा घातला का बाबा ढोलकीवाल्याच्या जाग्यावर जाऊन बसते," तो सांगायचा. "त्या दोघाईचं जिंदगीत पटलं नाई."

अमरावतीच्या आपल्या घरातून तो वऱ्हाडीत हेडफोनचे व्हिडिओ करायचा. त्यासाठी त्याने मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली होती. हेडफोन अकोल्याहून श्रेयसच्या दुकानातून यायचे. पाहून झाले की परत जायचे. कॅमेरा मी धरायचो. मी मराठी साहित्यात एम.ए. केलेलं, म्हणून तो मला कवी म्हणायचा. मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तो अकोल्याहून एक भारी हेडफोन घेऊन आला. एसटीत खिडकीपाशी बसला होता. "डाव्या कानाले दडा बसला बे," म्हणाला. "हवा लागली. जाईल." मग त्याने हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"याची डावी बाजू मेलेली हाय."

श्रेयसने दुसरा नग पाठवला. त्यातही खंजिरी नव्हती. मी घालून पाहिला. मला चकत्या स्वच्छ ऐकू आल्या.

"मले तर येऊन राह्यली."

"तुह्या कानाले काय कळते, कवी? तुले कुकरची शिट्टी आन् बासरी एकच."

श्रेयस फोनवर होता. "धरमभाऊ, एक खेप उलटा घालून पाह्य ना."

"माह्या बापाले जाग्यावरून उठवू नको."

श्रेयस हसला. मीही हसलो. तिसरा नग मागवला. तो येईपर्यंत दिवस जात राहिले. हे दिवस मोजायचे असतात, हे आम्हाला माहीत नव्हतं.

तिसरा नग आल्यावर एका दुपारी मी कॅमेरा लावत असताना त्याची धाकटी बहीण दीपमाला चहा घेऊन आली. धर्मेंद्र खिडकीकडे तोंड करून बसला होता. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"दादा, चहा."

तो हलला नाही. गाणं चालू असेल, असं तिला वाटलं. मग तिने पलंगाकडे पाहिलं. हेडफोन पलंगावर पडला होता.

तिने कप खाली ठेवला. हेडफोन उचलला, उलटा केला आणि त्याच्या डोक्यावर घातला. तो ओरडला, "काय करून राह्यली वं!" तिने रेकॉर्डिंग लावलं.

त्याने उजव्या कानावर हात ठेवला.

"बाबा इकडं हाय," तो म्हणाला. "सगळा हाय."

मग डाव्या कानापाशी बोटं चोळत बसला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. तो परत परत बोटं चोळत होता.

डॉक्टर शांतपणे बोलले. कानाची नस अशी अचानक जाते. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. पहिल्या काही दिवसांतच गोळ्या सुरू झाल्या, तर ऐकणं परतायची आशा जास्त. "इतका उशीर का केला?"

"मले वाटलं हेडफोन खराब हाय."

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली.

गोळ्या झाल्या. मग कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं. इंजेक्शन घेतल्यावर कुशीवर पडून राहायचं, आवंढासुद्धा गिळायचा नाही. तो थुंकी तोंडात धरून पडायचा. घरी आला की फक्त डावी बाजू चालू ठेवून खंजिरी ऐकायचा प्रयत्न करायचा. मोठा आवाज करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा त्याने माझा दंड पकडला.

"आली! आली बे, बाबाची खंजिरी आली!"

मी हेडफोन माझ्या कानाला लावला आणि झटकन काढला. आवाज शेवटाला नेलेला होता. गादी त्याच्या गालावर थरथरत होती. त्याला जाणवत होता तो तिचा ठेका, आवाज नव्हे. हे मी त्याला सांगितलं नाही. दीपमालाने सांगितलं. त्या दिवसापासून हेडफोन तिने कपाटात कुलूप लावून ठेवला.

शेवटच्या तपासणीत डाव्या कानाची आलेखावरची रेघ होती तिथेच होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "उजवाबी गेला तं?" मी म्हणालो, तसं सहसा होत नाही. "सहसा," तो म्हणाला. तो एवढाच शब्द म्हणत गाडीपर्यंत आला.

आता तो सकाळी निघतो, बसस्थानकाकडे जातो, आणि अचलपूरची असो की अंजनगावची, जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसतो. संध्याकाळी परत येतो. कुठे गेला होता ते सांगत नाही. फोन उचलत नाही.

पहिल्या इंजेक्शननंतर त्याला फार आशा होती. तेव्हा त्याने या हेडफोनचा व्हिडिओ करायला घेतला होता. तो माझ्याकडे आहे. त्यात त्याने घडी कशी पडते ते दाखवलंय. पट्टीचं वजन डोक्यावर कुठे येतं ते सांगितलंय. अकोल्याच्या मे महिन्यात गादीखाली किती घाम येईल, तेही. मग म्हणतो, "आवाजाचं तेवढं पुढच्या हप्त्यात करू, कवी. बंद कर."

आवाजाचं राहिलं आहे.