माझा पाच फुटी कटआउट

विधानसभेला मी अपक्ष उभी राहिले, पडले आणि डिपॉझिटही घालवलं. एवढं सगळं एकाच निवडणुकीत जमवणारी आमच्या गल्लीतली मी पहिलीच बाई.

लोक मला आठवड्यात विसरले, पण घरातून माझा प्रचार काही हलेना. गव्हाच्या डब्यावर माझे स्टिकर, कपाटात माझ्या नावाच्या टोप्या, माळ्यावर पोतंभर शिट्ट्या (चिन्ह शिट्टी होतं) आणि जिन्याखाली मी स्वतः, पाच फुटी, हात जोडून हसणारी. टाकवत नव्हतं. (इतकं छान मी पुन्हा कुठल्याच फोटोत हसले नाही.)

अशात मीनलला, म्हणजे आमच्या लेकीला, बघायला कागलकडचे पाहुणे यायचे ठरले. आमच्याच मतदारसंघातले, तरी मला न ओळखणारे! मुलगा मीनलच्या मनात भरलेला. पण "आमच्या आईला पुढाऱ्याच्या घरातली सून नको," असं त्यानंच तिला सांगून ठेवलेलं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना.

त्या सकाळी मी स्टिकर खरवडले, टोप्या गादीखाली कोंबल्या, शिट्ट्यांचं पोतं शेजारणीकडे धाडलं. कटआउट मात्र कुठंच मावेना. पलंगाखाली घातला तर पाय बाहेर, कपाटामागं ठेवला तर डोकं वर.

"बस की जरा," आमचे हे पेपरातूनच म्हणाले.

"मी बसतो वो, पर ही उभी हाय तिचं काय करू?" मी म्हणाले.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मी कटआउट उचलला, बाथरूममध्ये उभा केला, दार ओढून घेतलं आणि पोहे परतायला पळाले.

आता दारी आलेल्या पाहुण्यांना आपण आधी काय सांगतो? मुलाची आई चप्पल काढते न काढते तोच आमच्या ह्यांनी मोठ्या अगत्यानं म्हटलं, "या, हातपाय धुऊन घ्या."

त्या गेल्या आणि तशाच मागं आल्या.

"आत कोण तर बाई हाय," त्या हळूच म्हणाल्या. "होऊ दे तिचं. हात जोडाय लागलीया बिचारी."

मी नेमकी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाथरूमच्या दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"त्या... तुम्हीच व्हय?"

"व्हय. विधानसभेला उभी हुतो." पडद्याआडून मीनल अशी बघत होती की पोहे स्वतःच्याच डोक्यावर ओतून घ्यावेत असं वाटलं. "पडलो."

"किती वर्सं झाली?"

"चार."

त्या वळल्या, पुन्हा आत गेल्या, हातपाय धुतले (माझ्या साक्षीनं) आणि पदराला हात पुसत येऊन बसल्या.

"निवडून आलेली मंडळी चार दिसांत हात सोडत्यात. तुम्ही पडून चार वर्सं हात जोडून उभ्या हायसा. अशी विहीण चालंल की मला."

मला रडूच आलं. पण मेली सवय जात नाही. डोळे पुसता पुसता मी विचारलंच, "मग तवा मत कुणाला दिलं हुतं?"

त्यांनी पोह्यांचा मोठा घास घेतला, सावकाश चावला.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या.

तर मी अशी निवडून आले. बाथरूममधून, बिनविरोध.