एका तव्यावरची भाकर

अमरावती सोडली तेव्हा माझ्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक पाव होता. तो दाबला जाऊ नये म्हणून आमच्या ह्यांनी स्टेशनवर मला इतक्यांदा बजावलं की मी शेवटी म्हटलं, "अहो, नगरहून इतक्या लांब काय पाव दाबायला आलेय मी?"

ह्यांचं काम पाळकाचं. वऱ्हाडातल्या मंडळ्यांची (चर्चच्या माणसांना आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो) सभा अमरावतीला होती, म्हणून आमची जोडी तिकडे गेली होती. भजनं रंगली, वांग्याची भाजी इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सभेच्या शेवटी एक घोर प्रश्न निघाला.

हिवरखेडच्या पलीकडे एका लहान गावात आमची मंडळी होती, सगळी महारवाड्यातली. आता गावातला एक माळी, गुणाजी, येत्या रविवारी बायकोसकट बाप्तिस्मा घेणार होता. पण बायको जमनाबाई येईल की नाही, याचीच सगळ्यांना धास्ती होती. बाप्तिस्म्यानंतर प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. ती भाकरी भाजायची राहेलबाई, तिथली थोरली बाई, महारवाड्यातल्या आपल्या चुलीवर. माळीण ती कशी खाणार? आणि माळ्यांना वेगळी भाकरी दिली, की उद्या वेगळी बैठक आणि परवा वेगळं देऊळ. मग ख्रिस्ती होऊन आम्ही मिळवलं काय, धोंडे?

वडीलमंडळींनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) डोकी खाजवून तोड काढली. बाप्तिस्मा द्यायला आम्ही दोघं जाणारच होतो, तेव्हा अमरावतीच्या बेकरीतला पाव आम्ही न्यायचा. तो ना माळ्याच्या चुलीवरचा, ना महाराच्या. तसा निरोपही गावाला पुढे धाडला. मलाही ती शक्कल झकास वाटली.

बडनेऱ्याला गाडी बदलली. बायकांच्या डब्यात हातभर बांगड्या भरलेली एक बाई शेजारी टेकली. वऱ्हाडात चौकशीला आडपडदा नसतो.

"कुठचे तुमी? लेकरं किती? फडक्यात काय हाय?"

"पाव आहे," मी म्हणाले.

"पाव? माय वो!" असं म्हणून तिनं लुगडं सावरलं आणि ती पार बाकाच्या टोकाला सरकली. मला हसू आलं. पुढे अकोल्यापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

अकोल्याला उतरलो तर जिकडे तिकडे कापूस. बाजाराच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि कापसाचे पुंजके उडून आमच्या ह्यांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या. मी त्यांना म्हटलं, "आत्ता कुठे पाळक शोभता!" ते रागावले, पण हसले. तिथून धक्के खात मोटारीनं हिवरखेडला पोचलो. तिथे गुणाजी स्वतः दमणी (बसायची हलकी बैलगाडी) घेऊन आला होता. काळाभोर, उंच माणूस, बोलणं थोडकं.

"जमनाबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"दार लावून हाय," तो म्हणाला, आणि बैल हाकलले.

वाटेत तुरीची पिवळी शेतं आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ओढ्याशी गुणाजीनं बैल सोडले. मी पावाचं गाठोडं दमणीच्या काठावर ठेवून तोंड धुवायला गेले. परत येऊन बघते तो काय! ढवळ्या बैल शांतपणे रवंथ करतोय आणि त्याच्या तोंडातून फडक्याचं टोक लोंबतंय.

"अहो, पाव!" मी किंचाळले. आमचे हे धावत आले आणि कपाळावर हात मारून खालीच बसले. उद्या सकाळी उपासना, आणि तिथे पाव कुठून आणायचा?

गुणाजी मात्र खो खो हसत सुटला. मला असा राग आला!

"हसता काय? अहो, सगळी मंडळी फुटेल आता!"

"बाई, पाव येऊन राहिला म्हून तर जमना दार लावून बसली," तो डोळे पुसत म्हणाला. "आमच्या गावात पाव खाल्ला का मानूस बाटला. तिले वाटलं, तुमी आमाले बाटवाले येऊन राहिले."

अमरावतीच्या शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"मग राहेलबाईंच्या हातची भाकरी खातील त्या?" ह्यांनी विचारलं.

गुणाजीचं हसू मावळलं. "ते मले नाई सांगता येत, साहेब," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मंडळी महारवाड्यात, राहेलबाईंच्या दारापुढच्या निंबाखाली जमली. ना घंटा, ना बाकं. शेणानं सारवलेली जमीन आणि एक टाळ. राहेलबाईंनी मला चुलीशेजारचं मडकं दाखवलं. इथल्या प्रत्येक बाईनं रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर ज्वारी मंडळीसाठी बाजूला काढायची, शनिवारी ती घरोघरची या मडक्यात पडायची, आणि तिच्याच पिठाची प्रभुभोजनाची भाकरी व्हायची. गुणाजीच्या दारी मात्र हे मडकं कधी गेलं नव्हतं. गुणाजी एकटाच पुढे बसला होता. राहेलबाईंनी चूल पेटवली, तवा ठेवला.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना वळल्या. महारवाड्याच्या तोंडाशी एक ठेंगणी, गोरी बाई उभी होती, पदराची ओटी धरून. गुणाजी ताडकन उठला.

"बैलानं खाल्ला म्हंते पाव," जमनाबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "लय चांगलं केलं त्यानं. पाव खाऊन देवाचं होनं असन, तर मी नाई येत. भाकर असन तर येतो." (वऱ्हाडात बायाही 'मी येतो' म्हणतात.) "हे घ्या माह्या घरचं पीठ."

राहेलबाईंनी परात उचलली, जमनाबाईंच्या पुढे जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. जन्मभराची सवय ती. वरून पीठ टाकून घ्यायचं, अंगाला अंग लागू द्यायचं नाही. निंबाखाली कुणी हालेना.

जमनाबाईंनी परातीकडे पाहिलं, मग राहेलबाईंकडे.

"दूर काहून सरकली तू?" त्या एकदम खेकसल्या. "ये न इकडं! मी थापतो, तू शेक."

आणि परात स्वतः उचलून त्या थेट चुलीपुढे जाऊन बसल्या. मडक्यातलं पीठ आणि ओटीतलं पीठ एकत्र मळलं. एक थापत होती, दुसरी शेकत होती. राहेलबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि जमनाबाई म्हणत होत्या, "करपली तर माह्या नावानं ओरडशील तू, तव्याकडं पाह्य!"

दोघांचा बाप्तिस्मा झाला. ह्यांनी ती गरम भाकरी मोडली तेव्हा बोटं भाजली, तरी चेहरा असा फुललेला की विचारू नका. ताटली हातोहात फिरली. राहेलबाईंनी ती पुढे केली, जमनाबाईंनी तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." सगळी मंडळी हसली. मी मात्र हसता हसता ढसाढसा रडले.

मग काय विचारता! गुणाजीनं बागेतल्या झेंडूच्या माळा आणल्या. पोराबाळांच्या गळ्यात, आमच्या ह्यांच्या गळ्यात आणि ढवळ्याच्या तर दोन्ही शिंगांवर. टाळ वाजवत, भजन गात आम्ही भर गावातून निघालो. पुढे जमनाबाई आणि राहेलबाई, एकीचा हात दुसरीच्या हातात. दुकानांतले लोक उठून बघत होते. नंतर निंबाखाली एकाच पंगतीत रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वरण.

परतताना अकोल्याच्या स्टेशनवर पावाची तोड काढणाऱ्यांपैकी एक वडील मुद्दाम भेटायला आले होते. नगरला आमचं दगडी देऊळ आहे, उंच मनोरा आहे, दूरवर ऐकू जाणारी घंटा आहे, आणि तिथे मी वर्षानुवर्षं मंडळी मंडळी म्हणत आले. पण ती उभी राहताना मी पाहिली ती चुलीपुढे, पिठानं भरलेल्या हातांनी. एवढं सगळं त्या वडिलांना फलाटावर कसं सांगावं, ते मला सुचेना.

"काय बाई," त्यांनी काळजीनं विचारलं, "पाव पुरला ना सगळ्यांना?"

"बैलानं खाल्ला," मी म्हणाले, "म्हणून तर भाकर पुरली."