कुस्त्यांच्या फडात बिऱ्हाड

चैत्रातल्या जत्रेला दोन लहान लेकरं घेऊन जायचं आणि दोन दिवस पाल ठोकून तिथंच राहायचं, हे डोकं आमच्या मालकांचं. मी म्हणाले होते, देवाला हात जोडू अन् संध्याकाळच्या टेम्पोनं साखऱ्याला परत येऊ. पण आपलं ऐकतंय कोण?

पोचलो तेव्हा पूर्णाकाठची सगळी झाडं लोकांनी धरलेली. मालक एक चक्कर मारून आले ते हरखूनच. जागा मिळाली म्हणाले. जागा म्हणजे कुस्त्यांचा फड. ढेकळं फोडून, खडे वेचून, पाणी मारून मऊ केलेली माती.

"कुस्त्या उद्या हाईत," मालक म्हणाले. "आज गादीवर झोपल्यावानी झोपू."

खताच्या पोत्यांचं शिवलेलं आमचं पाल त्या मातीत असं झकास बसलं की मलाही राग धरवेना. धाकटा दोन वर्षांचा, तो लगेच लोळायला लागला. थोरली पाच वर्षांची. तिला हापशावरून तांब्याभर पाणी आणायला धाडलं अन् मी चूल मांडली.

दोन भाकरी झाल्या असतील, तेवढ्यात हलगी वाजली. पाहुण्या पुढाऱ्यांना उद्या सवड नव्हती, म्हणून कुस्त्या आजच घ्यायचं ठरलं होतं. बघता बघता चारी बाजूंनी माणसं येऊन बसली आणि मधोमध मी, परातीत हात घालून. हातात काठी घेतलेले एक पंच आले अन् म्हणाले, "बाई, पाल काढा."

काढलंही असतं. पण थोरली अजून आली नव्हती.

हापसा हाकेच्या अंतरावर. मालक पळत जाऊन आले. तिथं पोरगी नव्हती. एवढ्या जत्रेत तिला एकच खूण ठाऊक होती, आमचं पोत्यांचं पाल. ते काढलं तर लेकरानं यायचं कुठं? मी उलथनं उगारून सांगितलं, "पोरगी आल्याबिगर खुंटी हालणार न्हाई. ज्याला लढायचं त्यानं पालाच्या कडंनं लढावं."

मालक भोंग्यावाल्याकडं गेले. पुकारा सुरू झाला: पाच वर्षांची पोरगी, निळा झगा. झगा पिवळा होता. नाव सांगितलं तेही पत्रिकेतलं. घरात तिला सगळे छकुली म्हणायचे, ते पत्रिकेतलं नाव तिनं उभ्या जन्मात ऐकलं नसेल. ह्या माणसाला काय म्हणावं?

पैलवान लंगोट लावून ताटकळत उभे. त्यातल्या एकानं धाकट्याला खांद्यावर घेतलेलं. लोक बसल्या जागेवरून मला सांगत होते, भाकर करपून राहिली, उलथा. मी रडत रडत ती उलथायचे आणि पुन्हा हापशाच्या वाटेकडं बघायचे. पंच काठी बगलेत धरून हात जोडत होते.

तेवढ्यात धाकट्यानं पैलवानाच्या खांद्यावरून बोट दाखवलं, "अक्का."

पहिल्याच रांगेत, दोन फेटेवाल्या म्हाताऱ्यांच्या मधी, माझी लेक मांडीवर तांब्या घेऊन बसली होती. कधीची.

मी तिला दंडाला धरून ओढलं, पाठीत दोन धपाटे घातले आणि तिला कवटाळून तिथंच मातीत बसले.

"आत काहून आली न्हाईस गं?"

"त्या काठीवाल्या बाबानं सांगितलं, आत कुणी पाय टाकायचा न्हाई."

मालकांनी घाईघाईनं खुंट्या उपटल्या. अर्धी कच्ची भाकर, लेकरं, बोचकी असं सगळं घेऊन आम्ही गर्दीच्या मागं जाऊन टेकलो. लेक माझ्या कानाशी लागली.

"आई, ती निळ्या झग्याची पोरगी सापडली का?"

"सापडली."

"तिच्या आईनं मारलं तिला?"

"मारलं," मी म्हणाले, "अन् मग आईच लई रडली."