देवीची मिशी

८ एप्रिल १९८४ रोजी सकाळी साडेसात वाजता आमच्या ग्रामदेवीचा शेंदूर खरवडण्यास प्रारंभ झाला. गाव रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीला लागून आहे. मी तेव्हा पेणला बांधकाम खात्यात नोकरीस होतो आणि रविवारी घरी असे. दगडाधोंड्यांतले कळते म्हणून देऊळ कमिटीने मला बोलावून उभे केले होते.

देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे गावात कोणीही सांगेल. पांडवांनी छपरावर मंगलोरी कौले घातली आणि प्रत्येक कौलावर कारखान्याचा शिक्का राहू दिला, हे कोणी सांगत नाही. जोते मात्र खरोखर जुने; काळ्या दगडाचे, चुन्यावाचून बसवलेले. त्यावर सागाचे खांब, आणि आत वाकूनच शिरावे लागेल असा गाभारा. गाभाऱ्यात देवी, म्हणजे शेंदराचा कमरेएवढा गोळा. त्याला चांदीचे डोळे बसवले होते. बाकीचे अवयव श्रद्धेने पाहावयाचे.

ही देवी खाडीतून आली आणि भरतीला पायाने मागे सारून तिने खारे पाणी गावाबाहेर थांबवले, अशी कथा आहे. पाणी थांबवणारा बांध आमच्या आज्यापणज्यांनी चिखल वाहून घातला होता. श्रेय देवीला दिल्यामुळे बांधाची डागडुजीही तिच्यावरच सोपवण्यात आली. तो दर पावसाळ्यात कुठे ना कुठे फुटे.

त्या वर्षी रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या गावातल्या तरुणांनी देवीला चांदीचा मुखवटा करायचे ठरवले. पेणच्या कारागिराने विचारले, देवीचे नाक कुठे आहे? कमिटीला सांगता येईना. तेव्हा शेंदूर काढून पाहणे आले.

त्यासाठी देवीची आज्ञा हवी. आमच्याकडे मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली की होकार. डावी पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा डावीच पडली. अखेर अध्यक्षांनी उजवी पाकळी जवळजवळ कोरडीच लावली, आणि देवीने होकार दिला.

करवंटीने खरवडू लागताच शेंदराच्या जाड खपल्या सुटू लागल्या. नऊच्या सुमारास चेहरा उघडा पडला. त्याला मिशी होती, पिळदार. खाली ढाल-तलवार, त्याखाली पडलेले शत्रू. वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच गडी आणि बाजूला चंद्रसूर्य. हा वीरगळ आहे, असे मी सांगितले. लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. असे दगड शेतांच्या बांधांवर लोळत पडलेले असतात. याचे नशीब बरे, कोणीतरी शेंदूर फासला.

मग अध्यक्ष म्हणाले की देव पुरुष निघाला, तर बाईमाणसाने त्याला हात लावणे योग्य नव्हे. रीतसर पुजारी नेमावा लागेल. त्यांचा पुतण्या पेणला एका देवळात मदतीस होता आणि येण्यास मोकळा होता. देवाचे पुरुषत्व उघड होऊन अर्धा तासही झाला नव्हता, आणि जागेला उमेदवार मिळाला.

जागा रिकामी नव्हती. साठीची एक विधवा गुरवीण रोज सकाळी देवीला लुगडे नेसवी. ओटीचे तांदूळ-नारळ आणि देवळाच्या नावचा भातशेतीचा एक तुकडा, यांवर तिचे घर चाले. लुगडे गेले की तीही गेली. ती नेहमीप्रमाणे धुतलेले लुगडे घेऊन आली आणि दारातच थांबली.

अध्यक्ष म्हणाले, "तुझं काम सरलं गो. ह्यो बापय हाय. बापयाला लुगडं कोन नेसवतो?"

तिने दगडाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"तुझी बायको लगीन झाल्यावर पयली ओटी हितंच भरून घरात आली ना?"

"व्हय."

"तुझी आय पन. तुझ्यासाठी नवस हितंच बोलली ती." तिने लुगड्याची घडी दुसऱ्या हातावर घेतली. "मंग जा, गावाला सांग. समद्या सुना पयल्या दिशी कोना बापयाची ओटी भरून आल्या, त्ये सांग. तुझ्या आयशीला नवस कोन पावला, त्ये पन सांग."

खजिनदारांच्या घरी मागच्याच महिन्यात सून आली होती. ते प्रथम दाराकडे सरकले. अध्यक्षांनी दगड पुन्हा निरखला आणि मिशी म्हणजे दगडाची झीज असावी, असे मत दिले. ते एकमताने मान्य झाले. माझे मत विचारले नाही. मला शेंदूर आणण्यास सांगितले.

मी सायकलने रोह्याजवळच्या अष्टमी गावी जाऊन शेंदूर आणि तेल घेऊन आलो. शेताच्या बांधावर पडून राहण्यापेक्षा त्या शिपायाचे इथे बरे चालले होते, आणि तिचेही. गुरविणीने सर्वांना गाभाऱ्याबाहेर काढले आणि शेंदूर कालवला. पहिला हात तिने मिशीवरून फिरवला. सूर्य कलण्यापूर्वी देवी लुगडे नेसून बसली होती. पुतण्या पेणलाच राहिला. कारागिराला नाकाची जागा कळवण्यात आली. त्याखाली काय आहे याचा उल्लेख झाला नाही.

खरवडलेल्या खपल्यांना हात लावण्यास कमिटीतले कोणी धजेना. संध्याकाळी मी त्या पोत्यात भरून खाडीत सोडल्या, पोते धुतले आणि कुंपणावर वाळत घातले.